नदीची वही

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



नाशिकमध्ये नदीवर बोलायचं म्हटलं की आपण रामकुंडापासून सुरुवात करतो. मी आज नासर्डीपासून करणार आहे. कागदोपत्री तिचं नाव नंदिनी. सातपूर-अंबडच्या औद्योगिक पट्ट्यातून, वस्त्यांच्या कडेनं वाहत ती टाकळीजवळ गोदावरीला मिळते.

वस्तीत कामाला लागले तेव्हा पाण्याचा अर्ज लिहिणं मला फार सोपं वाटायचं. ‘नदीचे पाणी दूषित असून दुर्गंधी येते, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’ खाली सह्या आणि अंगठे. संबंधित कार्यालयाचं उत्तर आलं : पाहणी केली, आक्षेपार्ह काही आढळले नाही. मी चिडले. वस्तीतल्या एक मावशी मात्र शांतपणे म्हणाल्या, “ताई, साहेब आले अकराला. फेस येतो पहाटे.”

“मग हे आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही विचारलं कुठं?”

सामाजिक पाहणी कशी करावी यावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. पण पाण्याची वेळ जिला माहीत होती, तिचा मी फक्त अंगठा घेतला होता.

त्यानंतर आम्ही वही घातली. रकाने साधे : तारीख, वेळ, जागा, रंग, वास, फेस, मेलेले मासे, आदल्या दिवशी पाऊस होता का. जागा तीन ठरवल्या : नाला मिळतो त्याच्या वर, नाल्याच्या तोंडाशी आणि त्याच्या खाली. वरची जागा फार महत्त्वाची. वरही पाणी तितकंच खराब असेल तर दोष त्या नाल्याचा एकट्याचा नाही. कधी तो आपल्याच वस्तीच्या गटारीचा असतो. तेही लिहायचं, लपवायचं नाही.

पुढे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी पाण्यातला प्राणवायू पाहायला शिकवलं. बाटली पाण्याखालीच काठोकाठ भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. त्यात दोन रसायनं घातली की साका बसतो. तपकिरी बसला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. नेमका आकडा प्रयोगशाळेत निघतो. आंघोळीच्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असं मानक आहे. रसायनं हाताळताना हातमोजे हवेतच. अक्षर न येणाऱ्या बायकांनी तो पांढरा साका पाहिला तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता कायद्याचं. १९७४च्या जल प्रदूषण कायद्याच्या २१व्या कलमाप्रमाणे पुराव्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानंच घ्यायचा असतो. समोरच्याला नोटीस देऊन, दोन भाग करून, सीलबंद करून. आपली बाटली त्या कामी येत नाही. मग वहीचा उपयोग काय? अधिकाऱ्यानं कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या पुलाखाली यावं, हे वही सांगते. गोदावरीच्या प्रदूषणाबद्दल २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, न्यायालयानं आदेशही दिले. पण आदेश पाळला जातो की नाही हे बघायला न्यायाधीश पहाटे नदीवर येणार नाहीत. तिथं काठावरचीच माणसं असतात.

त्या माणसांची एक अडचण मला इथं मांडायची आहे. वहीत सगळ्यात नेमक्या नोंदी करणारी एक बाई एक दिवस म्हणाली, “माझं नाव खोडा. ह्यांची नोकरी तिकडंच आहे.” तिच्या मुलीच्या पायांना खाज होती आणि त्याच पगारातून मलम येत होतं. तिला घाबरट म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. आम्ही नाव खोडलं आणि नियम केला : वहीत कारखान्याचं नाव नाही, नोंद करणारीचं नाव नाही, अर्जावर सही संघटनेची. जे दिसलं तेवढंच लिहायचं. कोणी केलं हे शोधणं मंडळाचं काम. आणि बंद काय करायचं तर घाण पाणी सोडणं, कुणाची चूल नव्हे.

दुसरी गोष्ट आपल्या श्रमाची. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच-पाच बायकांना पाणी तपासायला शिकवण्याची योजना आली. चांगलंच आहे. पण हंडा आपण वाहायचा, आजाऱ्याची उस्तवार आपण करायची आणि आता तपासणीही आपणच करायची, आणि निकालाचा कागद मात्र दुसऱ्याच्या कपाटात, हे चालणार नाही. तपासणारीला भत्ता मिळाला पाहिजे, आणि निकाल ग्रामसभेत, वॉर्डाच्या सभेत मोठ्यानं वाचला गेला पाहिजे. ते वाचायलाही तीच उभी राहिली पाहिजे.

एक सूचना. पहाटेची नोंद घ्यायला एकटीनं पात्रात उतरू नका. दोघी मिळून पुलावरून पाहा. पाण्याला उघडा हात लावू नका.

आमच्या मावशींना लिहिता येत नाही. त्या सांगतात, त्यांची नात लिहिते. पुढच्या अर्जाला आम्ही वहीतली पानं जोडली. या वेळी पाहणीची वेळ साहेबांनी नाही, मावशींनी ठरवली : पहाटे पाच. साहेब आले तेव्हा त्या पुलावर उभ्या होत्या, आणि या वेळी त्यांना विचारलं गेलं.

आपापल्या गावी गेल्यावर आधी तेवढंच करा. अर्ज लिहिण्यापूर्वी विचारा, पाणी कधी बदलतं?