शेजारच्या बाई



मी सातवी शिकलेली. भाषणाची सवय नाही. आमच्या शेजारच्या शाळेतल्या बाईंविषयी तेवढे सांगते, त्यांना विचारूनच.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. जन्मभर खडू धरलेल्या बाई माझ्या मुलाकडून संगणकावर चित्रांचे धडे करायला शिकू लागल्या. पोरगा भराभर बोटे चालवी. बाई म्हणत, "अरे, हळू! मी वर्गात अशी घाई करते का?"

पहिला धडा पालकांना पाठवला, तर मोबाइलवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला! फाँट जुन्या पद्धतीचा होता. त्या रात्री बाई आमच्या ओट्यावर बसून रडल्या. "आता मला घरीच बसवतील," म्हणाल्या. मग युनिकोडमध्ये टाइप करणे शिकल्या, फुकट मिळणारा 'मुक्ता' फाँट घेतला, आणि अक्षरे जाग्यावर आली.

पुढे तक्ता छापला, तर पडद्यावरचा झळझळीत हिरवा मळकट उतरला. पडद्यावर लाल, हिरवा, निळा उजेड मिसळतो. छपाईत आकाशी, गुलाबी, पिवळी नि काळी शाई. दुकानातल्या दिव्याखाली घेतलेली साडी घरी वेगळीच दिसते ना, मला तसेच वाटले.

मोबाइल नसलेल्या मुलींना ते छापील कागद मी नेऊन देई. जाता येता मीही शिकले. आजची निमंत्रणपत्रिका मीच केली आहे. बाईंनी फक्त एक वेलांटी सुधारली.