तक्ता नको, आधी ऐका

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मी एम.एस.डब्ल्यू. होऊन नुकतीच कामाला लागले होते. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर आहाराचा तक्ता लावून गरोदर बायांना समजावत होते. सातवा महिना लागलेली एक जण म्हणाली, "ताई, जास्त खाल्लं की पोर मोठं होतं, बाळंतपणात अडतं." मी 'अंधश्रद्धा' म्हणून मोकळी झाले. तिची सासू म्हणाली, "रात्री अडली तर न्यायची कशी? पावसात रस्ता राहत नाही." माझ्याकडे उत्तर नव्हतं. समजूत चुकीची होती, पण तिच्यामागची भीती खरी होती.

दुसरीने विचारलं, "ताई, तुम्ही अंडं खाता का?" आमच्या घरात अंडं शिजत नाही. त्याचे गुण मला पाठ होते, तरी घास उतरत नव्हता. मग त्यांची समजूत एका बैठकीत बदलावी, ही अपेक्षा मी कशी करत होते?

गरोदरपणी पपई उष्ण, अंडं उष्ण, आणि एरवीही सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खायचं. हे सगळे नियम बाईच्याच ताटाला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायांना रक्तक्षय आढळला.

काही समजुती आपण शहरवाल्यांनीही दिल्या. नागलीची भाकरी म्हणजे गरिबाचं खाणं, म्हणून मुली ती डब्यात नेायला लाजतात. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात जेमतेम १०. इथे समजूत बदलायची आहे ती आपली.

घरी दिलेला शिधा सगळ्यांत वाटला जातो. म्हणून २०१५ साली आदिवासी भागासाठी सुरू झालेल्या अमृत आहार योजनेतली एक गोष्ट मला मोलाची वाटते: गरोदर आणि स्तनदा माता अंगणवाडीत बसून गरम जेवते. तिथे तिला कुणाच्या मागे जेवावं लागत नाही.

तेव्हा पाड्यावर गेलात की तक्ता पिशवीतच ठेवा. आधी सासूजवळ बसा, भीती कसली ते विचारा. रस्त्यासाठी, गाडीसाठी त्यांच्याबरोबर अर्ज करा. ताटाची गोष्ट त्यानंतर. आणि आज रात्री घरी गेल्यावर एवढंच पाहा, आपल्या घरात शेवटी कोण जेवतं?