मांडीवरचें चित्रपुस्तक

(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकांच्या सभेंत आमच्या धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या देवळाच्या इतिहासाविषयीं बोलण्यास अधिकारी अशी वडीलधारी मंडळी येथें पुष्कळ आहेत. म्हणून मीं आज एक लहानसा विषय निवडला आहे. ज्या बालकांना अद्याप अक्षरओळख नाहीं, त्यांना मांडीवर घेऊन पाहावयाचीं चित्रांचीं पुस्तकें, हा तो विषय होय. विषय लहान खरा. परंतु त्यांत माझी एक चूक गुंतलेली आहे. ती प्रथम सांगतों.

मी नवा धर्मगुरु असतांना एका गांवीं मुलांच्या पुस्तकांचें एक कपाट माझ्या स्वाधीन झालें. पानें मळूं नयेत म्हणून मीं त्यास कुलूप लावलें. एके दिवशीं सायंकाळीं एक आजी तीनचार वर्षांच्या नातवाचा हात धरून आल्या. मुलाची आई दूर रुग्णालयांत होती. त्या म्हणाल्या, “फादर, एखादें चित्रांचें पुस्तक द्याल का? पोर रात्रीं झोंपत नाहीं.” मीं विचारलें, “आजी, तुम्हांला वाचतां येतें का?” त्यांनीं मान खालीं घातली, आणि कांहीं न बोलतां त्या परत गेल्या.

वास्तविक सेमिनरींत मी शिकलों होतों, कीं इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेल्सच्या बिशपांनीं देवळांतील चित्रें फोडलीं, तेव्हां पोप थोर ग्रेगरी यांनीं त्यांना पत्र लिहून बजावलें होतें : वाचणाऱ्यास जसा ग्रंथ, तसें न वाचणाऱ्यास चित्र. हा धडा मला तोंडपाठ होता. पण तो त्या आजीबाईंना लागू पडतो हें माझ्या ध्यानांत आलें नाहीं. चित्रपुस्तक ज्यांच्यासाठीं असतें, अशीं दोन माणसें दाराशीं उभीं होतीं, आणि मीं तीं रिकाम्या हातीं परत पाठविलीं.

पुढें या विषयाची गोडी लागली. मुलांसाठीं चित्रें घालून पुस्तक करण्याच्या कामीं मोराव्हियांतील शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस याचें नांव अग्रभागीं घेतात. त्याचें ‘ऑर्बिस पिक्टस’ १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें निघालें. त्यांत चित्रांतील वस्तूंना अंक घातलेले असून तेच अंक शेजारच्या शब्दांस दिलेले आहेत. आधीं वस्तु पाहावी, मग तिचें नांव शिकावें, हा त्यांतील क्रम आहे.

आतां माझीं आवडतीं चार पुस्तकें सांगतों. बिअट्रिक्स पॉटर या इंग्लिश बाईंनीं १८९३ सालीं आजारी पडलेल्या एका लहान मुलास पत्र लिहिलें, आणि सांगण्यासारखें दुसरें कांहीं सुचेना म्हणून त्यांत सशांची गोष्ट चित्रांसह घातली. तीच पुढें १९०२ सालीं ‘पीटर रॅबिट’ म्हणून प्रसिद्ध झाली. लहान हातांत मावेल एवढाच तिचा आकार आहे.

अमेरिकेंतील वांडा गाग यांचें मांजरांचें पुस्तक १९२८ चें. सर्वांत सुंदर कोण, या भांडणांत असंख्य मांजरें नाहींशीं होतात. उरतें तें एकच रोडकें, कुरूप पिलूं, कारण त्यानें आपण सुंदर आहों असें म्हटलेंच नव्हतें. नम्रतेवर मीं बरींच प्रवचनें केलीं, पण इतकें थोडक्यांत सांगणें मला साधलें नाहीं.

एरिक कार्ल यांचा खादाड सुरवंट १९६९ सालचा. तो सोमवारीं एक सफरचंद, मंगळवारीं दोन नासपती असें वाढत्या क्रमानें खात जातो, आणि त्यानें पाडलेलीं भोकें कागदांत खरींच असतात. मूल त्यांतून बोट घालतें, आणि वार, अंक व फळें एकदम शिकतें.

चौथें एझ्रा जॅक कीट्स यांचें, १९६२ चें. एक कृष्णवर्णी बालक बर्फांत खेळतो, आणि बर्फाचा गोळा खिशांत घालून घरीं नेतो, तो वितळतो. त्याच्या वर्णाविषयीं पुस्तकांत अवाक्षरही नाहीं. तो केवळ एक मूल आहे. आपल्या मुलांनीं बर्फ पाहिलें नसेल, पण रिकामा खिसा चांचपणाऱ्याचें दुःख त्यांना सांगावें लागत नाहीं.

हीं परकीं म्हणून बिचकूं नका; चित्रांना भाषेची अडचण नसते. शिवाय मराठींतही माधुरी पुरंदरे या स्वतः लिहितात व स्वतःच चित्रें काढतात. त्यांच्या ‘राधाचं घर’मध्यें मुलाला आपल्याच घरांतलीं माणसें भेटल्यासारखें वाटतें.

पुस्तक दाखवितांना दोन गोष्टी पाळाव्या. पान उलटण्याची घाई करूं नये. मुलाचें बोट जेथें थांबेल तेथें आपणही थांबावें. तेंच पुस्तक त्यानें विसाव्यांदा मागितलें तरी कंटाळूं नये. ओळखीच्या गोष्टींत त्याला सुरक्षित वाटतें. आणि बोलावें तें घरच्या बोलींत, मग ती कादोडी असो वा वाडवळी. छापील शब्द चुकले तरी चालतील. मांडी व आवाज हीं आपलीं असलीं म्हणजे झालें.

त्या आजी आज हयात नाहींत. त्यांची क्षमा मागावयाची राहून गेली, याची खंत मला आहे. म्हणून या महोत्सवानिमित्त माझी एवढीच विनंती, कीं सभागृहांत मुलांच्या पुस्तकांचें एक कपाट असावें, बालकाचा हात पोहोंचेल इतकें ठेंगणें, आणि त्यास कुलूप नसावें. पानें मळतील, कांहीं फाटतील. तीं चिकटविण्याचें काम मी करीन. आणि रविवारच्या मिस्सानंतर पुस्तकें देण्यास आजीबाईंनींच बसावें. ज्यांना अक्षर येत नाहीं त्यांनीं तर अवश्य बसावें. “वाचतां येतें का?” असें त्यांना कोणी विचारणार नाहीं.

परमेश्वर आपल्या घरांतील बालकांचें रक्षण करो.