हायस्कुलातले पहिले वर्ष



जूनच्या मध्यास भुसावळच्या एस. टी. स्थानकावर सकाळी घटकाभर उभे राहिले, म्हणजे गर्दीत काही नवे चेहरे सहज ओळखू येतात. गणवेशाची घडी अजून मोडलेली नसते, दप्तर अंगापेक्षा मोठे असते आणि पास हरवेल या धास्तीने हात वारंवार खिशाकडे जातो. साकेगाव, फेकरी अशा गावांतून ही मुले येतात. गावची शाळा बहुधा चौथीस किंवा सातवीस संपते. पुढे शहरातील हायस्कूल. आजचे माझे चार शब्द त्यांच्यासाठी आहेत, आणि शहरातच वाढलेल्या त्यांच्या सोबत्यांसाठीही. कारण हायस्कुलाचा उंबरठा दोघांसही सारखाच उंच असतो.

बालमित्रांनो, पूर्वीच्या शाळेत एकच गुरुजी दिवसभर तुमच्या समोर असत. तुम्हांस गणित उमजले नाही, हे त्यांस तुमच्या मुद्रेवरून कळे. येथे दर पस्तीस-चाळीस मिनिटांनी घंटा होते आणि नवे शिक्षक येतात. ते चांगले असतात, परंतु दिवसाकाठी ते शेकडो मुद्रा पाहतात. तुम्ही बोलल्याखेरीज तुमचे अडले आहे, हे येथे कोणासही कळणार नाही.

मी अनेक वर्षे गणित शिकविले. एका वर्षी पेरणीच्या दिवसांत एक मुलगा आठवडाभर आला नाही. तो परतला तेव्हा वर्ग ऋण संख्यांच्या गुणाकारापर्यंत पोहोचला होता. त्याचे अक्षर फार वळणदार. फळ्यावरचे सारे तो वहीत सुबक उतरवून घेई आणि मी त्याखाली बरोबरची खूण करी. सहामाहीत त्याने जवळजवळ कोरी उत्तरपत्रिका दिली. मी प्रगतिपुस्तकात ‘अभ्यासाकडे लक्ष नाही’ असा शेरा लिहून मोकळा झालो. दिवाळीनंतर तो आलाच नाही.

पुढे वर्षभराने तो मला स्टेशनाबाहेर भेटला. चहाच्या गाडीवर कामास होता. चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाला, “सर, ऋण गुणिले ऋण धन कसे होते, ते मले समजलंच नाही. बाकी सगळ्यायले समजलं होतं.” दुसऱ्या दिवशी मी वर्गात हाच प्रश्न टाकला. नियम सर्वांस पाठ होता. तो तसा का, हे सांगावयास दोनच हात वर आले. तो एकटा नव्हता. मात्र हे त्यास सांगावयाची वेळ निघून गेली होती, आणि त्या शेऱ्याचा डाग माझ्याच लेखणीवर आहे.

तो वर्गात का बोलला नसेल? गणिताइतकेच त्या ‘मले’चेही ते कारण असावे, असे मला वाटते. घरची बोली तोंडून निघाली की मागच्या बाकावर खसखस पिकते. हसणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींस लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी शेतात आणि जात्यावर रचलेली गाणी याच मातीच्या बोलीत आहेत. त्या १९५१ साली वारल्या आणि पुढल्याच वर्षी ती गाणी पुस्तकरूपाने निघाली. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. तेव्हा प्रमाण भाषा अवश्य शिका, ती लागणारच आहे. पण ती येईपर्यंत शंका अडवून धरू नका. ‘मले समजलं नाही’ हे वाक्य कोणत्याही शिक्षकास समजते.

शंका त्याच दिवशी वहीच्या शेवटच्या पानावर लिहावी. प्रथम शेजाऱ्यास विचारावी. त्यासही ठाऊक नसेल तर दोघांनी मिळून जावे, म्हणजे धीर येतो. गैरहजेरीत झालेला भाग नुसता उतरवून घेऊ नये, कोणाकडून तरी तोंडी समजावून घ्यावा. वह्यांस कव्हरे घालणे, वेळापत्रक रंगविणे इत्यादी गोष्टी तुम्ही न सांगताही कराल.

आईवडिलांसही एक विनंती आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे बंद झाले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्याने पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. परंतु मधल्या इयत्तांत राहिलेला कच्चेपणा मुलाबरोबर निमूटपणे वर चढतो, आणि निकालपत्रात तो दिसेलच असे नाही. म्हणून संध्याकाळी ‘किती गुण मिळाले?’ याऐवजी ‘आज काय अडले?’ असे विचारून पाहावे. उत्तर तुम्हांस येत नसले तरी चालेल.

आणि बसने येणाऱ्या मुलांनो, शाळा सुटल्यावर थांबणे तुम्हांस शक्य नसते, गाडी चुकते. यास्तव शिक्षकांस मधल्या सुट्टीत गाठा. डबा पहिल्या दहा मिनिटांत संपवावा. शिक्षकांच्या खोलीचे दार त्या वेळी उघडे असते.