नकाशा परिशिष्टात का?

स्वीडनमधल्या घराण्यांच्या शोधाचा आढावा घेणं हे अध्यक्षाचं काम. पण तो अहवालात छापलेला आहे, म्हणून माझा वेळ मी एका जुन्या तक्रारीला देतो. आपण नावं-तारखा जुळवून वंशावळ पुरी करतो आणि शेवटी, परिशिष्टात, शोभेला एक नकाशा चिकटवतो. स्वीडनपुरता तरी हा क्रम उलटा आहे.

तिथल्या शेतकऱ्याला एकोणिसाव्या शतकातही बहुधा आडनाव नव्हतं. पेर अँडर्सनचा मुलगा अँडर्स पेर्सन, मुलगी कारिन पेर्सडॉटर, आणि लग्नानंतरही ती पेर्सडॉटरच. वंशपरंपरागत आडनावाचा नियम थेट 1901 चा. एकाच चर्चच्या हद्दीत अनेक अँडर्स पेर्सन असताना आपला कोणता, हे नाव सांगत नाही. वाडी आणि शेतघर सांगतं. चर्चची पुस्तकं पुरेशी आहेत असं म्हणणाऱ्यांनी ती पुन्हा उघडावीत: घरोघरच्या धर्मपरीक्षेच्या वह्या गाव आणि शेतघर याच क्रमाने लावलेल्या असतात. म्हणजे पाद्रीसुद्धा जमिनीवरूनच माणूस शोधत होता. शिवाय अशा नोंदींचा आदेश देणारा चर्चचा कायदा 1686 चा. दुसऱ्या गुस्ताव अडॉल्फ राजाने नकाशाकार आंद्रेआस बुरेउसकडे जमीनमोजणीचं काम सोपवलं ते त्याआधीच, 1628 मध्ये. 1630 च्या दशकापासूनच्या मोजणी-वह्यांत शेतघरागणिक किती पिंप बियाणं पेरलं जाई, किती गाड्या गवत निघे, हे लिहिलेलं आहे. आपण नकाशाचं रंगीत चित्र पाहतो आणि शेजारचा मजकूर वाचतच नाही. वर चित्रातलं घर हे बहुधा शेतघराची खूण असतं, प्रत्यक्ष इमारत नव्हे, हेही विसरतो.

आजच्या नकाशावर गाव सापडतं, मग जुना कशाला, हा आक्षेप मला सर्वांत उथळ वाटतो. अठराव्या शतकाच्या मध्यापासून स्टूर्शिफ्टे, 1803 पासून स्कोने प्रांतात एनशिफ्टे आणि 1827 नंतर लागा शिफ्टे या फेरवाटण्यांनी जमिनीच्या विखुरलेल्या पट्ट्या एकत्र केल्या. शेवटच्या दोन वाटण्यांत तर दाटीने वसलेली गावं मोडून अनेक घरं उचलून आपापल्या शेतात नेली. आज जिथे घर दिसतं तिथे पणजोबांचे आजोबा राहत होतेच असं नाही. कोणी हलायचं, जुन्या इमारतींची अवस्था काय, भरपाई किती, हे लागा शिफ्टेच्या कागदांत सापडतं; बाप्तिस्म्याच्या नोंदीत ते कुठून येणार?

दुसरा आक्षेप वजनदार आहे. हे नकाशे करासाठी आणि वाटणीसाठी, म्हणजे जमीनधारकांसाठी काढलेले. तोर्पवरचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या छोट्या वस्तीतले कुळवाडी, झोपडीतले मजूर त्यांत क्वचितच येतात, आणि अमेरिकेला गेलेल्यांत त्यांची संख्या मोठी होती. हे मान्य. पण 1859 पासून निघू लागलेल्या हेरादनिहाय (तालुक्यासारख्या विभागांच्या) आर्थिक नकाशांवर तोर्प दिसतात, आणि जुन्या नकाशावर त्याच जागी रान असेल, तर ती वस्ती त्यानंतर उठली असावी असा कयास बांधता येतो. कोरी जागाही पुरावा आहे, मात्र दोन्ही नकाशे शेजारी ठेवले तरच.

हे कागद वाचता यावेत म्हणून जुनी हस्ताक्षरं वाचायचे वर्ग, मापांची एखादी सूची, ही कामं कुणीतरी हाती घ्यावीत. कोणी आणि केव्हा, ते कार्यकारिणीने पाहावं. मी मात्र उद्याच्या बैठकीत ठराव आणणार आहे: नकाशाशेजारचा मजकूर वाचल्याचा पुरावा नसलेली स्वीडिश वंशावळ आपल्या प्रकाशनात छापू नये. विरोध होईल. तो उघड व्हावा, एवढीच अपेक्षा.