मूत्रपिंड दुसऱ्यांदा बसवावे लागले तर



आज आपण मूत्रपिंडाविषयी बोलू. बोलताना आपण त्याला किडनी म्हणतो. अशी दोन मूत्रपिंडे आपल्या पोटात पाठीच्या बाजूला असतात. रक्त गाळून त्यातली घाण लघवीवाटे बाहेर टाकणे, हे त्यांचे काम. दोन्ही निकामी झाली, तर दर आठवड्याला यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागते, नाही तर दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवावे लागते. १९५४ साली अमेरिकेत बोस्टन शहरी डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसविले, आणि ते चालले. आज आपल्या पुण्यातही ही शस्त्रक्रिया होते.

पण यात एक अडचण आहे. जुन्या वाड्यांच्या देवडीवर पहारेकरी असे. अनोळखी माणूस दिसला की तो अडवी. आपल्या रक्तातही असे पहारेकरी आहेत. नवे मूत्रपिंड त्यांना परके वाटते. म्हणून रोज गोळ्या घेऊन हा पहारा ढिला ठेवावा लागतो.

पहारा ढिला पडला की चोराचे फावते. एपस्टाइन-बार नावाचा विषाणू बहुतेकांच्या अंगात निजलेला असतो. तो जागा होतो, आणि थोड्या रोग्यांना लिम्फोमा नावाचा कर्करोग होतो. ताप हटत नाही, वजन उतरते, मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ येते. गाठ दुखत नाही, म्हणून माणूस ती अंगावर काढतो. तसे करू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.

यावर उपाय आहे. डॉक्टर आधी गोळ्या कमी करतात. जरूर पडली तर कर्करोगाची औषधे देतात. पुष्कळ रोगी बरे होतात. पण कडक झालेला पहारा कधी कधी बसविलेल्या मूत्रपिंडावरच उलटतो, आणि माणूस पुन्हा यंत्रावर येतो.

मग रोगी म्हणतो, "बायकोनं दिलेलं गेलं. आता कोणत्या तोंडानं मागू?" शाळेत आम्ही नापास मुलाला सांगत असू, "बाळा, परीक्षेला पुन्हा बसता येतं." इथेही तसेच आहे. कर्करोग गेल्याची खात्री पटावी म्हणून डॉक्टर बहुधा एक-दोन वर्षे थांबवितात. मग दुसरे मूत्रपिंड बसविता येते.

ते कोण देणार? १९९४ च्या कायद्याने मूत्रपिंडाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. आईबाप, भावंडे, नवरा-बायको, मुले, आजी-आजोबा, नातवंडे देऊ शकतात. नाही तर मेंदू मृत झालेल्या माणसाचे घरचे लोक देतात. रुग्णालयामार्फत त्यासाठी नाव नोंदवावे लागते. पुण्यात विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र हे काम पाहते.

तेव्हा दोन गोष्टी ध्यानात धरा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आणि आपल्या मागे आपले अवयव द्यावेत की नाही, हे आजच घरात बोलून ठेवा. दुःखाच्या वेळी ते कुणाला सुचत नाही. पण कुणीतरी तिथे यंत्राला जोडलेला, वाट बघत पडलेला असतो.