पहारेकऱ्याचे चिलखत

प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी जी भेट झाली, तिची हकीकत मराठी घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. भेटीस निघण्यापूर्वी शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत चढविले होते व मंदिलाखाली शिरस्त्राण घातले होते. खानाने कट्यारीचा वार केला, तो चिलखतावरून घसरला. या प्रसंगातील पराक्रम सर्वांच्या स्मरणात राहतो. त्यामागील विचार मात्र नजरेआड होतो. संकट किती अंतरावरून येईल आणि कोणत्या शस्त्राने येईल, याचा निर्णय आधीच झालेला होता. शामियान्यात तोफ यावयाची नव्हती, कट्यार यावयाची होती. आणि चिलखतही कट्यारीला पुरून उरणारे होते. चिलखत विकत घेणाऱ्याला आजही याहून निराळा धडा नाही.

चिलखतांचा काळ संपला, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो संपलेला नाही. बेळगाव असो, इंदूर असो की वडोदरा, भर दुपारी बाजारपेठेत रोकड नेणारी गाडी येऊन थांबते. बंदूक घेतलेला पहारेकरी प्रथम खाली उतरतो, दोन्ही बाजूंना नजर टाकतो आणि मग पेटी बाहेर येते. अशा माणसाच्या अंगात कधी काळसर, जाडजूड, अनेक खिशांचे जाकीट दिसते. पाहणाऱ्याला ते चिलखतच वाटते. पण असले जाकीट नुसते जाड कापडाचेही असू शकते. ते चोराला दोन क्षण फसवील. गोळीला फसविणार नाही. याहून वाईट गोष्ट अशी की, ते घालणाऱ्यालाच फसविते. उघड्या छातीचा माणूस आडोसा शोधतो. खोट्या चिलखताचा माणूस पुढे होतो.

खासगी सुरक्षा संस्थांसाठी आपल्या देशात २००५ साली कायदा झाला. त्याखालील २००६ च्या आदर्श नियमांत पहारेकऱ्याला १०० तासांचे वर्गशिक्षण आणि ६० तासांचे प्रत्यक्ष शिक्षण द्यावे, असे म्हटले होते. गणवेशाचाही तपशील तेथे दिला होता: दंडावरील बिल्ला, नाडीचे बूट, डोक्यावरील टोपी; एवढेच नव्हे, तर शिटी डाव्या खिशात ठेवावी हेही सांगितले होते. या यादीत चिलखत नव्हते. रोकड वाहतुकीसाठी २०१८ साली निराळे नियम झाले. त्यांनुसार एका फेरीत ५ कोटी रुपयांपर्यंत रक्कम नेता येते व गाडीबरोबर दोन सशस्त्र पहारेकरी असावे लागतात. म्हणजे पेटीचे मोल ठरले आहे. पेटीपुढे उभ्या राहणाऱ्या छातीचा विचार ज्याचा त्याने करावयाचा आहे.

हा विचार करताना कवचाची घडण ठाऊक असणे इष्ट होय. शिकागो शहरी १८९३ साली तेथील महापौर कार्टर हॅरिसन यांची पिस्तुलाने हत्या झाली. त्याच शहरातील काझिमिर झेग्लेन नावाच्या पोलिश धर्मगुरूने पुढे रेशमाचे घट्ट विणलेले कवच तयार केले व १८९७ साली त्याचे पेटंट मिळविले. त्या काळच्या मंद गोळीला ते रेशीम पुरे पडे. पुढे १९६५ साली ड्यूपाँट कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांच्या हाती एक गढूळ द्रव आला. त्याचे सूत काढून पाहता ते वजनाच्या मानाने पोलादाच्या पाचपट बळकट ठरले. हाच तो केव्हलर धागा.

अशा धाग्याच्या कापडाचे अनेक थर एकावर एक ठेवून मऊ कवच बनते. पिस्तुलाची गोळी त्या थरांत शिरते, जाळ्यात अडकल्याप्रमाणे रुतते, चपटी होते आणि तिचा जोर सभोवार विभागला जातो. परंतु रायफलीची वेगवान, अणकुचीदार गोळी हे जाळे सहज भेदून जाते. तिच्यासाठी पोलादाची किंवा सिरॅमिकची कठीण पाटी पुढे बसवावी लागते. आणि चाकूची गोष्ट तर सर्वस्वी निराळी. त्याचे बारीक टोक धागे बाजूस सारते, धार ते कापीत जाते. म्हणून गोळी अडविणारे कवच सुऱ्यापुढे हार खाऊ शकते. ब्रिटनमध्ये गोळीच्या कसोटीबरोबरच चाकूची व टोच्याचीही स्वतंत्र कसोटी ठरविलेली आहे, ती याच कारणाने. रात्री एकटा गोदाम राखणारा आणि रोकडीच्या गाडीवरचा, या दोघांचे कवच एकच असावे असे नाही.

कसोटी घेतात ती अशी. विशिष्ट चिकणमातीच्या ठोकळ्यावर कवच बांधून त्यावर ठराविक वेगाची गोळी झाडतात. गोळी आरपार गेली नाही एवढ्याने भागत नाही. मागच्या मातीत किती खळगा पडला, तेही मोजतात. अमेरिकन मानकात तो ४४ मिलिमीटरहून खोल चालत नाही. कारण गोळी अडली तरी तिचा धक्का बरगड्यांना सोसावा लागतो. भारतीय मानक ब्युरोने २०१८ साली १७०५१ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेले 'भाभा कवच' हैदराबादच्या मिश्र धातु निगम या कारखान्यात तयार होते. तेव्हा चांगले चिलखत या देशात होतच नाही, ही सबब उरलेली नाही. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यात हेमंत करकरे यांना मरण आले, त्यानंतर त्यांच्या अंगावरील जाकीट गहाळ झाल्याचे उघडकीस आले आणि जाकिटांच्या दर्जाचा प्रश्न घरोघरी बोलला गेला. तो प्रश्न आधी विचारावयाचा असतो, मागाहून नव्हे.

म्हणून खरेदी करणाऱ्याने प्रथम आतील पट्टी पाहावी. कवच कोणत्या मानकाच्या कोणत्या स्तराचे आहे, कधी बनविले आणि हमी किती वर्षांची, हे तिच्यावर असावे. सामान्यतः ही हमी पाच वर्षांची असते. 'सर्व गोळ्या अडवील' असे सांगणाऱ्या दुकानदारापासून दूर राहावे. कवच गळ्याखालच्या खळगीपासून बेंबीच्या किंचित वरपर्यंत यावे. बसताना ते हनुवटीला टेकू नये व बगलेत फट राहू नये. ओलावा, ऊन आणि घामही धाग्याचे वैरी असतात. अमेरिकेत झायलॉन नावाच्या धाग्याची कवचे उष्णतेने व दमटपणाने कमजोर होतात असे आढळले, तेव्हा २००५ साली त्यांची मान्यता काढून घ्यावी लागली. गोव्याच्या पावसाळ्यात राहणाऱ्याने हे विशेष ध्यानात धरावे. वरचे आवरण धुवावे. आतले थर पाण्यात बुडवू नयेत, घडी घालून कोंबू नयेत. आणि मऊ कवच दोन-तीन किलोंचे असले तरी वैशाखात ते नकोसे होते, हेही खरे. पण खुंटीवर टांगलेले चिलखत फक्त भिंतीचे रक्षण करते.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. महिन्याच्या पगारात घरभाडे आणि मुलांची फी भागविणाऱ्या माणसाने ही वस्तू पदरमोड करून घ्यावी, अशी अपेक्षा धरली की तो स्वस्ताकडे वळणार, आणि स्वस्त म्हणजे तेच नुसते कापड. 'तळे राखी तो पाणी चाखी' अशी म्हण आहे. या राखणदाराच्या ओंजळीत मात्र त्या तळ्याचा थेंबही येत नाही. तेव्हा ज्याचे तळे, त्यानेच राखणदाराचे चिलखत घ्यावे, पारखून घ्यावे, आणि त्याच्या अंगाला बेतून घ्यावे. तिजोरी घेताना धनी तिच्या पोलादाची जाडी विचारतो. तिजोरीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसासाठीही त्याने तोच प्रश्न विचारावा.